घर लिसन कथा चालनात?

पुतणीने पाठवलेल्या फोटोत एक पांढरी गाडी आहे. मागे हिरवागार डोंगर, डोंगरभर मेंढ्या, आणि आभाळ असं की आत्ता पडेल की मग पडेल. गाडीचं दार बाजूला सरकवलेलं. आत दोन बर्नरची शेगडी, घडीचा पलंग, कपाटाएवढं न्हाणीघर, खिडकीला फुलाफुलांचा पडदा. पुतणी आणि जावई कार्डिफहून निघून पंधरा दिवस वेल्स आणि आयर्लंड हिंडत होते. रोज नवं गाव, रात्री अंथरूण मात्र तेच. फिशगार्डला गाडी बोटीच्या पोटात घालायची, साडेतीन-चार तास समुद्र, आणि रॉसलेअरला उतरलं की आयर्लंड. मी फोटो मोठा करून डोंगर पाहत होतो. ही माझ्या खांद्यावरून पाहत होती ती मोरी.

"भांडी कोण घासतं गं?" फोन लागल्यावर हिचा पहिला प्रश्न.

"एक दिवस तो, एक दिवस मी, काकू."

ही काही बोलली नाही. हिचं न बोलणं म्हणजे काय असतं, ते एवढ्या वर्षांत मला कळायला हवं होतं.

आमच्या अंगणात एक ओम्नी उभी असते. ही जात १९८४ साली 'मारुती व्हॅन' म्हणून रस्त्यावर आली, पुढे ओम्नी झाली आणि २०१९मध्ये कारखान्यातून निघायची थांबली. आमच्या सटाण्यात मात्र ती थांबलेली नाही. आमच्या ओम्नीने डाळिंबाचे क्रेट वाहिलेत, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातला थर्माकोलचा ज्वालामुखी वाहिला आहे आणि एकदा सख्खी नवरी मांडवापर्यंत पोचवली आहे. मागची सीट काढून मी चार रिकामे क्रेट उपडे मांडले, वर सुताराकडून कापून आणलेली प्लायवूडची फळी टाकली, फळीवर दोन गोधड्या. फळीखाली भांडी, कणकेचा डबा, पाच किलोचं सिलिंडर, पाण्याचे दोन कॅन. एकही नटबोल्ट मारायचा नाही ही माझी अट, कारण गाडीत बदल केला की आरटीओचे कागद आले. राज्य सरकारने २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं. त्यात गाड्या लावायच्या जागा, पाणी, वीज असं पुष्कळ काही आहे. आमच्या धोरणात एक बादली होती.

संक्रांत झाली आणि निघालो. द्राक्षांचा हंगाम उताराला लागलेला, उन्हाळ कांद्याच्या लागवडीला मजूर मिळत नव्हते, आणि अशा दिवसांत दोन धडधाकट माणसं गोधड्या घेऊन गाडीत बसलेली. शेजारचे गडी कुंपणाशी उभे राहून बघत होते.

"घर लिसन कथा चालनात, सर?"

घर घेऊन कुठे निघालात! मी म्हटलं, "साल्हेरले." विचारणारा हसला. पण त्या वाक्याने माझ्या डोक्यात घर केलं. अहिराणीत ते चार शब्दांत बसलं होतं.

देवमामलेदारांच्या मंदिरापाशी गाडी थांबवून हात जोडले. यशवंत महादेव भोसेकर हे इथले मामलेदार. १८७०-७१च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना लोकांसाठी उघडला आणि गावाने त्यांना देव केलं. महसूल खात्यातल्या माणसाची दरवर्षी मार्गशीर्ष वद्य एकादशीला यात्रा भरते, रथ निघतो, हे बाहेरगावच्या माणसाला पटवून देताना मला नेहमी मजा येते. ही मात्र मंदिरात रेंगाळली नाही. तिचं लक्ष मागे वाजणाऱ्या कुकरकडे. शिट्टीचा नव्हे, आदळण्याचा आवाज.

ताहाराबाद गेलं. मांगी आणि तुंगी ही दोन टोकं दिसू लागली. तिथे डोंगराच्या अंगात कोरलेली ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती आहे, २०१६मध्ये तिची प्रतिष्ठापना झाली. यात्रेकरूंच्या बसगाड्या तिकडे वळल्या, आम्ही मुल्हेरच्या रस्त्याला लागलो. आमच्याकडे खिंडीला बारी म्हणतात. सेलबारी-डोलबारी अशी डोंगररांगेचीच नावं. या बाऱ्यांमधून सुरतेचा माल दख्खनेत जायचा, बैलांच्या पाठीवरून. इंग्रजांनी 'कॅराव्हॅन' हा शब्द फारसीतल्या 'कारवान'वरून घेतला, चाकं लावून तो घराला चिकटवला आणि आता तो सरकारी धोरणातून आमच्याकडे परत आलाय. ज्या गावावरून खरे कारवान गेले, त्या मुल्हेरला बागुल राजांची राजधानी होती, महमुदी नावाचं नाणं पडत होतं. १६३८मध्ये औरंगजेबाने बागलाण, म्हणजे आमचा हा मुलूख, घेतला आणि ते राज्य संपलं. आता कोजागिरीला उद्धव महाराजांच्या समाधीपाशी रासक्रीडा होते तेव्हा मुल्हेर रात्रभर जागं असतं. एरवी आठ वाजता सामसूम.

त्या सामसुमीत आमची पहिली रात्र. एका ओळखीच्या माणसाच्या खळ्यात गाडी लावली. वारा सुटला होता. मी उत्साहाने फोन काढून गाडीचे फोटो घेत होतो, तसाच कोन साधत, दार सरकवलेलं, मागे डोंगर. ही शेगडी पेटवत होती. ज्योत उभी राहीना. तिने एका बाजूने कढईचं झाकण धरलं, दुसऱ्या बाजूला परात उभी केली, तिसऱ्या बाजूला स्वतः बसली, आणि उरलेल्या एका बाजूने येणारा वारा पदराने अडवत पिठल्याला ढवळत राहिली. पदर निळ्या ज्योतीपासून वीतभर. मी म्हटलं, "जरा इकडे बघ."

तिने बघितलं. म्हणाली, "अहो, ट्रिप तुमची चाललीये. माझं नुसतं स्वयंपाकघर हललंय."

फोटो निघाला नाही. पिठलं चांगलं झालं होतं. मी जेवलो, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, वाढून घेताना कोण वाढतंय ते पाहिलं.

रात्री थंडी मरणाची. बागलाणातली थंडी द्राक्षवाल्याला विचारा. पहाटे शेकोट्या पेटवून घड वाचवायची पाळी येते. गाडीच्या काचा आतून ओल्या झाल्या. घरी आम्ही गेली काही वर्षं दोन खोल्यांत झोपतो, माझं घोरणं हे अधिकृत कारण. इथे फळी चार फुटांची. एकाने कूस बदलली की दुसऱ्याला बदलावी लागते. पहाटे कधीतरी लक्षात आलं की ही झोपेत दात खाते. हे पूर्वी माहीत होतं की नव्हतं, तेही आठवेना.

दुसऱ्या दिवशी वाघांब्याच्या रस्त्यावर मेंढ्यांनी गाठलं. पुतणी सांगत होती, वेल्समध्ये माणसांपेक्षा मेंढ्या कितीतरी जास्त. रस्ते एका गाडीपुरते, मधे मधे बाजूला होण्यापुरती जागा, आणि डांबरावर पांढऱ्या रंगात दोन भाषांत 'हळू' लिहिलेलं, त्यातला वेल्श शब्द 'आराव'. आमच्या रस्त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. मी इंजिन बंद केलं. ठेलाऱ्यांचा वाडा चालला होता. दिवाळीनंतर हे लोक मेंढ्या घेऊन निघतात, रानोमाळ हिंडत पावसाच्या तोंडाशी परततात. शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात, लेंडीखतासाठी. त्याचे पैसे किंवा धान्य देतात. गाडीच्या दोन्ही काचांना लोकर घासत होती. शेवटी घोडं आलं. घोड्यावर खाट उलटी बांधलेली, खाटेच्या चौकटीत वाकळा, वाकळांवर पातेली, पातेल्यांवर पाय बांधलेल्या तीन कोंबड्या, आणि बाजूच्या टोपलीत एक दोन दिवसांचं कोकरू, डोळे मिटलेलं. लगाम एका बाईच्या हातात. नऊवारी गुडघ्याशी खोचलेली, दंडात चांदीचं कडं.

ही गाडीतून उतरली. दोघींचं बोलणं सुरू झालं, मला अर्धंच ऐकू आलं. बाईने वाकून ओम्नीत पाहिलं, फळी हाताने दाबून पाहिली, सिलिंडरकडे बोट करून काहीतरी विचारलं. मग किती दिवस झाले घर सोडून, असं विचारलं असावं, कारण हिने दोन बोटं वर केली. बाई एवढी हसली की घोडं बिचकलं.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, चूल तीन दगडांची करा, वारा लागत नाही."

कॅम्पर गाडीतल्या सुखाबद्दल मी बरंच वाचलं होतं. मोकळं आकाश, कमी सामान, वगैरे. त्या वाचनात ही बाई कुठे नव्हती. ऊसतोडीला कोयते घेऊन गुजरातेत जाणारी इथली आदिवासी जोडपीही नव्हती, ज्यांचं घर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मावतं. घर घेऊन निघणं आमच्या भागाला नवं नाही. हौसेने निघणं तेवढं नवं. याची लाज वाटायला हवी का, यावर मी दोन किलोमीटर विचार केला. मग पुढचं चाक बसलं आणि विचार थांबला. स्टेपनी फळीखाली, फळीवर संसार. रस्त्याच्या कडेला सगळं घर मांडून बसलो तेव्हा जाणारे येणारे दुकान समजून थांबत होते.

साल्हेर खालून पाहावा. १५६७ मीटर, महाराष्ट्रात याहून उंच एक कळसूबाई. वेल्सचा सगळ्यात उंच डोंगर म्हणजे स्नोडन, ज्याला तिथले लोक आता आग्रहाने अर् विद्वा म्हणतात, तो १०८५ मीटर, आणि आयर्लंडचा त्याहूनही थोडा बुटका. हे मी पुतणीला कळवलं होतं. तिने हसरा चेहरा पाठवला. १६७२मध्ये याच किल्ल्याच्या पायथ्याशी मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं, सूर्याजी काकडे इथे पडले. २०२५च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात साल्हेर आहे. तेव्हापासून पायथ्याला मोठ्या गाड्या दिसू लागल्यात.

मी साल्हेर आणि सालोट्यामधल्या खिंडीपर्यंत चढलो आणि गुडघ्यांनी पाटी टाकली. ही थांबली नाही. कॉलेजची पाच-सहा मुलं वर निघाली होती, त्यांच्यामागे, चपलेला सुतळी बांधून. पाठमोरी, कड्याला कोरलेल्या पायऱ्यांवर लहान होत गेली. तीन तास मी तिथे एकटा. डबा तिच्या पिशवीत. भूक लागल्यावर कळलं की दशम्या कुठल्या फडक्यात आहेत हे मला घरीही माहीत नसतं.

उतरली तेव्हा चेहरा लालबुंद. परशुरामाच्या देवळापर्यंत गेली होती. वरून काय दिसतं, हे सांगायला तिने बराच वेळ घेतला आणि शेवटी म्हणाली, "आपलं सटाणा दिसत नाही."

त्या संध्याकाळी स्वयंपाक मी केला. तीन दगड शोधले, वाळक्या काटक्या आणल्या, खिचडी चढवली. ही ओम्नीच्या दारात पाय सोडून बसली. शांतता अवघड वाटून मी बोलत राहिलो. म्हटलं, परशुरामाने या डोंगरावरून बाण मारून समुद्र मागे हटवला असं सांगतात. तिकडे वेल्समध्ये ब्रान नावाचा राजा होता, एवढा धिप्पाड की कुठल्याच जहाजात मावेना. तो समुद्र पायांनी तुडवत आयर्लंडला गेला.

"कशाला?"

बहिणीसाठी. ब्रानवेन तिचं नाव, आयर्लंडच्या राजाला दिलेली. लग्नात तिच्या एका भावाने आगळीक केली, त्याचा सूड सासरने तिच्यावर काढला. राणीला स्वयंपाकघरात धाडलं, आणि खाटकाने रोज तिच्या कानाखाली मारायची असं ठरवलं. तीन वर्षं. तिने काय केलं, तर पीठ मळायच्या काथवटीच्या काठावर एक पाखरू वाढवलं, त्याला बोलायला शिकवलं, भाऊ कसा दिसतो ते समजावलं आणि पंखाखाली चिठ्ठी बांधून समुद्रापार सोडलं. स्टारलिंग. आपल्या भोरडीची चुलत बहीण.

समोरच्या रानात त्याच वेळी भोरड्या उतरत होत्या. हिवाळ्यात येतात त्या. गुलाबी अंग, काळं डोकं. थवा एकदा या बाजूला वळला की दिसेनासा होतो, त्या बाजूला वळला की सगळं आभाळ भरतं. कलकलाट एवढा की मला वाटलं हिने गोष्टीचा शेवट ऐकला नाही.

"तीन वर्षं," ही म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, "मी तर पाखरूसुद्धा पाळलं नाही."

मी पातेल्यात बघत राहिलो. खिचडी तळाला लागली होती. तिने ती खाल्ली, करपलेली खरवडून वेगळी न काढता, आणि हात धुऊन आत जाऊन झोपली. भांडी मी घासली, राखेने. जानेवारीतलं साल्हेरचं पाणी बोटांना चावतं.

गावातल्या एका घरी दुसऱ्या दिवशी नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ मिळाली. तिकडून डांगात उतरायचं, सापुताऱ्याला जाऊन यायचं असा माझा बेत होता. ही म्हणाली, घरी जाऊ या, मेथी जून होईल. चौथ्या दिवशी दुपारी आम्ही परत सटाण्यात.

मी फळी काढून क्रेट परत शेतात न्यायला निघालो तर हिने अडवलं. राहू द्या म्हणाली. तेव्हापासून ओम्नी अंगणात तशीच आहे, लिंबाच्या सावलीत. दुपारी जेवणं झाली की ही पेपर आणि चष्मा घेऊन तिकडे जाते, दार सरकवते आणि फळीवर भिंतीला टेकल्यासारखी पत्र्याला टेकून बसते. शेजारचा गडी एकदा विचारून गेला, आज कुठपर्यंत? तिने वर न बघता सांगितलं, आयर्लंडपर्यंत.

चार वाजले की तिकडून हाक येते.

"अहो, चहा टाकलात का?"