सामायिक दप्तर

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे वडीलधारी माणसे सांगत आली, आणि मूळ गढूळ असेल अथवा कूळ उणे निघेल या भयापोटी हे वचन जन्मास आले असावे, असा त्याचा अर्थ आपणही विनातक्रार पत्करला. अलीकडे मात्र या अर्थाविषयी माझे मन साशंक झाले आहे. शोधू नये ते तेथे काही लज्जास्पद हाती लागेल म्हणून, की शोधण्याजोगे एकच एक मूळ कोठे नसतेच म्हणून?

गोदावरीचेच पाहावे. ब्रह्मगिरीवर ती उगम पावते असे आपण मानतो, गंगाद्वाराशी तिची क्षीण धार पाहतो आणि खाली कुशावर्तात स्नान करून कृतार्थ होतो. अरबी समुद्र तेथून जेमतेम ऐंशी किलोमीटरांवर. तरी त्याच्याकडे पाठ फिरवून ही नदी सुमारे 1465 किलोमीटर चालते आणि बंगालच्या उपसागरास मिळते. परंतु राजमहेंद्रीच्या पुलाखालून जे अफाट पाणी वाहते, त्यात ब्रह्मगिरीचे किती? वाटेत प्रवरा मिळाली, पूर्णा मिळाली, मांजरा मिळाली; पुढे वर्धा, पैनगंगा आणि वैनगंगा यांचा संभार घेऊन प्राणहिता आली; मग इंद्रावती, मग शबरी. वैनगंगेचा उगम सिवनीकडचा, वर्धेचा मुलताईकडचा. त्या जळाने त्र्यंबकेश्वर कधी पाहिलेले नाही. तरी नाव गोदावरीचे, आणि मूळ ब्रह्मगिरीचे. हे असत्य आहे असे मी म्हणत नाही. अनेक झऱ्यांतून एकाला पूज्य मानण्याचा तो एक निवाडा आहे, आणि निवाडा म्हटला की ज्यांच्याविरुद्ध तो गेला तेही आलेच.

कुळाची गोष्ट याहून निराळी नाही. दहा पिढ्या मागे गेले की प्रत्येकाच्या वाट्याला हिशेबाने 1024 पूर्वज येतात, आणि त्यांतील एका पुरुषाची परंपरा तेवढी उचलून आपण तिला कूळ म्हणतो, तिच्यावरून आडनाव लावतो, गोत्र उच्चारतो, कुलवृत्तान्त छापतो. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत आमच्या घराण्याचे पुरुष ओळीने उभे आहेत. पण माझ्या आईच्या आजीची आई कोण, कोठली, तिचे माहेर कोणते, हे सांगणारा कागद मला कोठेही आढळला नाही. ही एक उणीव नसती, तर नळीत थुंकी भरून परदेशी प्रयोगशाळेत पाठवावी आणि आपला करिना तिच्याकडून मागवावा, हा विचार माझ्या मनात क्षणभरही टिकला नसता.

ती प्रयोगशाळा डीएनएवरील काही लक्ष ठिकाणे वाचते. आईबाप आणि मूल, किंवा सख्खी भावंडे, यांचे नाते ती निःसंदेह सांगू शकते; पण एका खापरपणज्याच्या वंशातील तिसऱ्या फळीच्या भावंडांपर्यंत आले की दहांतील एखाद्या जोडीत सामायिक खूण मुळी सापडतच नाही. दर पिढीला अर्धे मिळते आणि अर्धे सुटते, म्हणून त्या 1024 पूर्वजांपैकी कित्येकांचा कणही आपल्या शरीरात उरलेला नसतो. ‘इतके टक्के अमुक प्रदेशाचे’ हे विधान तर आज हयात असलेल्या माणसांच्या नमुन्यांशी ताडून काढलेले अनुमान. नमुन्यांचा संच बदलला की रक्त तेच राहून टक्के बदलतात. जाती-जातींत शतकानुशतके आपसांतच विवाह होत आलेल्या आपल्या देशाविषयी अशा संचांतून फार बारकाईने बोलणे कठीणच.

या विचारात अलिबागजवळचे नवगाव मला सारखे आठवते, आणि एकदा आठवले की बाकीचे बाजूस राहते. तेथे जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या किनाऱ्यास लागल्या, धर्मग्रंथ समुद्राने घेतले आणि ‘शेमा’ ही प्रार्थना तेवढी मुखात उरली, अशी बेने इस्रायल समाजाची आपल्या आगमनाची कथा आहे. ही माणसे कोकणात तेलाचे घाणे चालवीत राहिली, शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून शनवार तेली म्हणवली, पेणकर-किहीमकर अशी आडनावे लावू लागली, नवसाला पोहे-खोबऱ्याचा मलिदा करू लागली आणि मराठी झाली. त्यांच्यातही गोरे आणि काळे असा भेद होता. मिश्र संबंधांची संतती म्हणून काळ्यांशी गोरे सोयरीक करीत नसत. पुढे यांतील हजारो लोक इस्रायलात गेले, आणि 1962 साली तेथील मुख्य धर्मपीठाने असा आदेश काढला की, विवाहापूर्वी त्यांच्या मातृवंशाची मागे जाता येईल तितकी चौकशी व्हावी. ज्यांनी ग्रंथावाचून धर्म राखला त्यांच्याकडे आज्यापणज्यांचे दाखले मागितले गेले! मोठे आंदोलन झाले, आणि 1964 साली संसदेत प्रश्न गेल्यावर त्यांचे यहुदीपण पूर्णत्वाने मान्य झाले.

2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने दाखविले की, या समाजात मध्यपूर्वेकडील यहुदी वारसा खरोखरच आहे, आणि भारतीय वारसाही तसाच भरघोस आहे. हा संगम सुमारे 19 ते 33 पिढ्यांपूर्वीचा, आणि त्यात यहुदी अंश पुरुषांकडून अधिक, स्थानिक अंश स्त्रियांकडून अधिक. म्हणजे कथा खरी ठरली की खोटी? दूरदेशाहून आल्याची तिची ग्वाही खरी ठरली. पण ज्या कोकणी स्त्रिया या वंशाच्या आया झाल्या, त्या कथेत कोठेच नव्हत्या, त्या या शोधात रुजू झाल्या, आणि तेही निनावी. याचा मला आनंद होतो. तोच कागद 1962 साली धर्मपीठापुढे आला असता तर मातृवंशाच्या त्याच ओळीवर बोट ठेवून निकाल काय लागला असता, या कल्पनेने तो आनंद तितक्याच वेगाने ओसरतो.

शिवाय जनुकांचे हे दप्तर माझ्या एकट्याचे नाही. वतनाच्या कागदावर भाऊबंदांच्या संमतीवाचून एका तकसीमदाराने परभारे व्यवहार करावा, तसे एकट्याने नमुना पाठविणे होते. कॅलिफोर्नियातील एक जुना खुनी 2018 साली सापडला तो त्याच्या दूरच्या नातलगांनी दिलेल्या नमुन्यांवरून. गुन्हेगार पकडला गेला हे योग्यच, पण त्या नातलगांनी ग्वाही देण्याचे कधी योजिले नव्हते. ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीकडील सुमारे 69 लाख लोकांची माहिती 2023 साली परक्यांच्या हाती गेली, आणि 2025 साली ती कंपनी दिवाळखोरीत निघून दप्तरासकट विकली गेली.

येथवर येऊन नकार ठरवावा, तर पुण्यातील जोतीराव आणि सावित्रीबाईंचे बालहत्या प्रतिबंधक गृह आठवते. 1863 साली त्यांनी विधवांना गुप्तपणे बाळंत होण्यासाठी दार उघडले, आणि गुप्ततेच्या त्या अभयामुळे जीव वाचले. त्यांनी दत्तक घेतलेला यशवंत अशाच एका विधवेचा मुलगा. अशी अभये पुढेही अनेक आश्रमांनी दिली, आणि तेथून दत्तक गेलेल्यांची लेकरे-नातवंडे आज दूरदेशी आपली आजी शोधीत आहेत. त्यांना ऋषीचे कूळ शोधू नये म्हणून सांगण्याचा अधिकार, ज्याच्या घरी वंशावळीची वही आहे अशा मला नाही. पण त्या स्त्रीला दिलेल्या शब्दाची मुदत कोणत्या पिढीत सरते, हेही मला सांगता येत नाही. आणि माझ्या आईच्या आजीच्या आईला कोणी आपल्याला शोधावे असे वाटले असते, हे तरी मी कशावरून धरून चाललो आहे?

त्या स्त्रीचा मातृवंश माझ्याइतकाच मावसबहिणीतही आहे. तिला पत्र लिहावयास घेतले आहे. तिची संमती मागावी की नुसते मत विचारावे, आणि ती नाही म्हणाली तर त्या नकाराने मी बांधला जातो की नाही, येथे ते अडले आहे.