पाचर आणि मेख

हिंगणघाटच्या एका कापूस व्यापारी कुटुंबाची मांगीतुंगीची यात्रा चालू होती. आजोबा डोलीत, नातू पायऱ्यांवर. राम, हनुमान आदी ९९ कोटी मुनींच्या या निर्वाणभूमीत आजोबांचे हात जोडलेले होते. नातवाची दृष्टी मात्र तुंगीच्या उभ्या कातळावर खिळली होती.

"आजोबा, येथे दोर लावून चढता येईल?"

"सिद्धक्षेत्रावर? नाही."

नकार रास्तच होता. विसाव्याला डोली टेकली, तेव्हा नातवाने आपली आवडती स्थळे सांगितली: तैलबैलाच्या जोड भिंती, लोणावळ्याची नागफणी, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. हाच काळा पाषाण वर्ध्याच्या विहिरी खणताना लागतो. तेथे तो जमिनीखाली आडवा पसरलेला, येथे आभाळात उभा. प्रस्तरारोहणाच्या पारंपरिक पद्धतीत कातळाला छिद्र पाडीत नाहीत. भेगेत धातूची पाचर अडकवून तिला दोर जोडतात. मागून येणारा सोबती ती काढून घेतो. सह्याद्रीचा खडक ठिसूळ, म्हणून पुष्कळदा मेखाही ठोकाव्या लागतात, हे त्याने लपविले नाही.

आजोबांचा प्रश्न व्यापाऱ्याचा होता. "पाचर निसटली तर?"

"खालची धरते."

"तीही निसटली तर?"

नातू गप्प राहिला. खोटा दिलासा देण्यापेक्षा ते बरे.

"आणि वाटेत आग्या मोहोळ असले तर?"

"चढाई सोडून परत फिरायचे."

आजोबा किंचित हसले. "चातुर्मास संपू दे, कातळ वाळू दे. तैलबैलाच्या पायथ्यापर्यंत मीही येईन."