प्रशिक्षणाला कारकूनही हवा

कामगारांसाठीचं देशातलं पहिलं श्रमिक विद्यापीठ १९६७ साली मुंबईत, वरळीला सुरू झालं. पुढे देशभर अशी विद्यापीठं निघाली आणि २००० साली त्यांचं नाव ‘जन शिक्षण संस्थान’ झालं. शिवणकाम, ब्यूटी पार्लर असे वर्ग तिथं चालतात. शाळकरी मुलाच्या आजारपणाची काळजी आईबाप वाहतात. इथं शिकायला येणाऱ्या प्रौढाला ती स्वतःच वाहावी लागते. त्यामुळे अशा संस्थेतल्या कर्मचाऱ्यांना एचआयव्हीची जाण असणं फार गरजेचं आहे.

ही जाण देणाऱ्या प्रशिक्षणाचा एक साचा पडून गेला आहे. डॉक्टर येतात, पडद्यावर चित्रं दाखवतात, संसर्गाचे मार्ग सांगतात, मग चहा. डास चावल्यानं होतो का, एका डब्यात जेवल्यानं, एकच संडास वापरल्यानं होतो का, हे प्रश्न हमखास येतात. उत्तर ‘नाही’ असं आहे आणि ते लवकर देऊन होतं. खरा वेळ द्यायला हवा तो कार्यालयाच्या खिडकीला.

समजा, शिवणवर्गातली एक बाई महिन्यातून एकदा गैरहजर राहते. कारकून नियमाप्रमाणे म्हणतो, ‘‘ताई, डॉक्टरांची चिठ्ठी आणा.’’ ती आणते. चिठ्ठीवर एआरटी केंद्राचा, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं देणाऱ्या केंद्राचा, शिक्का असतो. कारकून ती टाचणीनं हजेरीपटाला लावतो आणि हजेरीपट टेबलावर उघडा पडून राहतो. दुपारच्या सुट्टीपर्यंत वर्गात कुजबुज सुरू होते, दुसऱ्या दिवशी त्या बाईच्या शेजारची खुर्ची रिकामी. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. पण तिचं शिक्षण तिथंच थांबू शकतं.

म्हणून माझा आग्रह असतो, की आधी कारकून आणि शिपाई यांना बोलवा. रजेच्या अर्जावर ‘वैद्यकीय कारण’ एवढे शब्द पुरे. आजाराचं नाव विचारायचं नाही, आणि कागद आलाच तर तो बंद पाकिटात, कुलपात. विश्वासानं कळलेली अशी माहिती त्या व्यक्तीच्या लेखी संमतीशिवाय उघड करायला २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं मनाई केली आहे. हा कायदा १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे. नोकरीसाठी किंवा प्रवेशासाठी एचआयव्ही चाचणीची अट घालणंही त्यात निषिद्ध आहे. शंभर किंवा त्याहून जास्त माणसांच्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमावा लागतो. शिक्षणसंस्थांची छोटी केंद्रं त्या आकड्यात बसत नाहीत, त्यामुळे तिथं सगळी भिस्त कर्मचाऱ्यांच्या समजेवर.

कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या नोकरीचाही हा प्रश्न आहे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयानं एका हंगामी कामगाराच्या बाजूनं निकाल दिला. काम करण्याइतकी प्रकृती धडधाकट असेल, तर केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही, असं न्यायालयानं म्हटलं. त्या कामगाराचं नाव गुप्त ठेवून खटला चालला. हे प्रकरण सांगितलं, की मागच्या रांगेत बसलेलेही पुढे सरकून ऐकतात.

शिवणवर्गात सुई बोटात घुसते, कापडावर रक्ताचा थेंब पडतो. बोट तोंडात घालायचं नाही, पिळायचं नाही. साबण-पाण्यानं धुवायचं आणि पट्टी लावायची. दुसऱ्याच्या जखमेला हात लावायचा तर आधी हातमोजे. पार्लरच्या वर्गात प्रत्येकीसाठी नवं ब्लेड, वापरलेलं लगेच वेगळ्या डब्यात. ही काळजी हेपॅटायटिस बी आणि सी यांच्यासाठीही तितकीच लागते. प्रत्येकाच्या रक्ताबाबत ती सारखीच घेतली, तर कोण पॉझिटिव्ह आहे हे जाणून घ्यायची संस्थेला गरजच उरत नाही.

औषधांची माहिती मात्र मन लावून सांगावी, कारण भीती तिथंच ओसरते. १ एप्रिल २००४पासून सरकारी केंद्रांत एआरटीच्या गोळ्या मोफत मिळतात. २०१७पासून निदान होताच उपचार सुरू करायचं धोरण आहे. गोळ्या नियमित घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी राहिला, तर लैंगिक संबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही. ‘पॉझिटिव्ह म्हणजे संपलं’ असं धरून बसलेल्या शिक्षकानं हे ऐकलं नसेल, तर तो विद्यार्थ्याला धीर कसा देणार?

संस्थाचालकांनी येत्या सत्रात वर्ग सुरू होण्याआधी एक दिवस यासाठी काढावा, रखवालदारापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना बसवावं, आणि १०९७ हा राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनचा मोफत क्रमांक सूचनाफलकावर मोठ्या अक्षरांत लावावा.