लोहाच्या त्रिकोणाचा घोळ

ट्रायआयर्न डोडेकाकार्बोनिल म्हणजे गडद हिरवे, जवळजवळ काळे स्फटिक. रेणूत लोहाचे ३ अणू आणि १२ कार्बोनिल गट. इलेक्ट्रॉनांचा हिशेब सोपा: लोहाचे २४, कार्बोनिलांचे २४, एकूण ४८. अठराच्या नियमाने प्रत्येक लोहाभोवती १८, म्हणजे एकूण ५४ हवेत. तूट ६ ची, म्हणून तीन लोह-लोह बंध, म्हणजेच त्रिकोण. पण कोणता कार्बोनिल कुठे बसतो, याबाबत हे गणित गप्पच. अवरक्त वर्णपटात सेतू-कार्बोनिलांचे, म्हणजे दोन लोहांना जोडणाऱ्या कार्बोनिलांचे, पट्टे साधारणतः १८५० प्रति सेंटिमीटरच्या खाली येतात. इथे ते इतके फिके, की नजरेतून सुटावेत.

क्ष-किरणांनीही चकवलेच. स्फटिकात रेणू दोन उलट दिशांनी बसत असल्याने लोहाच्या तीनऐवजी सहा जागा दिसत, षट्कोनी ताऱ्यासारख्या. मॉसबाउअर वर्णपटाने मात्र दोन प्रकारचे लोह २:१ प्रमाणात दाखवले आणि तिन्ही अणू सारखे असलेली रचना बाद झाली. अखेर १९६९ मध्ये वेई आणि डाल यांनी तपशीलवार रचना मांडली: एका बाजूवर दोन सेतू, उरलेले दहा टोकांना. रुथेनियम व ऑस्मियमच्या भावंडांत एकही सेतू नाही. द्रावणात तर कार्बोनिल इतक्या झपाट्याने जागा बदलतात, की कार्बन-१३ एनएमआरमध्ये अतिशीत तापमानालाही एकच रेषा उमटते.