ते पुण्यात झालं

मेणवलीच्या घाटावर, मेणेश्वराच्या देवळाजवळ, एक घंटा टांगली आहे. तिच्यावर मेरी आहे, बाळ येशू आहे आणि १७०७ हा आकडा आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हाची ही लूट. रिओ द जानेरोत रोज पोर्तुगीज बोलून पोट भरणाऱ्या मला कृष्णाकाठी पहिली ओळखीची भेटली ती हीच! घरात मराठी बोलत मोठी झाले, पण सातारा-सांगली म्हणजे माझ्या लेखी परमुलूखच. आजूबाजूला ‘स्वदेस’ सिनेमातली जागा नेमकी कुठली यावरून पोरांची हुज्जत चालली होती. मी मात्र एका एकवीस वर्षांच्या मुलाची चौकशी करत आले होते.

हा मुलगा म्हणजे सवाई माधवराव पेशवा. बाप नारायणराव ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात मारला गेला, त्यानंतर १८ एप्रिल १७७४ रोजी हा पुरंदरावर जन्मला. चाळीस दिवसांच्या तान्ह्या पोराला साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रं आली. तीन वर्षांचा असताना आई गेली. मग उरले नाना फडणवीस, साताऱ्यात जन्मलेले, कारभारात पक्के, हिशेबात चोख. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला निजामाचा पाडाव झाला. मराठी दौलतीचा एवढा मोठा एकत्र विजय पुन्हा झाला नाही. आणि त्याच वर्षीच्या २५ ऑक्टोबरला, दसरा होऊन दोन-तीन दिवस झाले असताना, हा पेशवा शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून खालच्या कारंज्यावर पडला. २७ तारखेला गेला.

पडला, की त्यानं स्वतःला झोकून दिलं?

मेणवलीतल्या नानांच्या वाड्यात मी हेच विचारलं. वाडा देखणा आहे: चौकामागून चौक, भिंतींवर अजून रंग धरून असलेली चित्रं, नानांचा पलंग. दाखवणारे काका हौशी होते. विसरलेलं काही नव्हतं. कुठल्या दारानं कोण यायचं तेही सांगत होते. माझा प्रश्न ऐकल्यावर मात्र त्यांनी टोपी सारखी केली. “त्ये पुन्यात झालं, ताई. हितं न्हाई.” आणि पुढच्या चौकाकडे वळले.

मी थक्क झाले ती इथे. आमच्या रिओत कातेते नावाचा राजवाडा आहे. २४ ऑगस्ट १९५४ रोजी राष्ट्राध्यक्ष जेतुलियो व्हार्गास यांनी तिथल्या आपल्या निजायच्या खोलीत जीव दिला. राजधानी ब्राझिलियाला हलल्यावर राजवाड्याचं संग्रहालय झालं, आणि त्यांच्या अंगातला रात्रीचा सदरा, गोळीच्या भोकासकट, तिथे मांडला गेला. मला तो कधीच धड बघवला नाही. माणसाच्या शेवटच्या क्षणाचं असं प्रदर्शन करू नये, असंच अजून वाटतं. पण ते झालं, हे तिथे कुणी नाकारत नाही. शेजारच्या चिलीत साल्वादोर अयेंदे ११ सप्टेंबर १९७३ च्या उठावात गेले, तेव्हा सैनिकांनी मारलं की स्वतः, हा वाद जवळजवळ चाळीस वर्षं चालला. २०११ मध्ये अवशेष उकरून तपासले तेव्हा आत्महत्याच ठरली. शनिवारवाड्यात तपासायला काय उरलंय? १८२८ च्या आगीनंतर नुसती जोती आणि कोरडी कारंजी.

साताऱ्याला आल्यावर कळलं की ‘झोकून दिलं’ हा निकाल याच गावाशी बांधलेला आहे. १८१८ नंतर जेम्स ग्रँट डफ हा तिशीच्या उंबऱ्यावरचा स्कॉटिश अधिकारी इथे रेसिडेंट होता. कारभार पाहता पाहता त्यानं कागद गोळा केले आणि १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास छापला. त्यात लिहिलं की नानांनी तरुण पेशव्याचा कैदेतल्या चुलत काकाशी, म्हणजे रघुनाथरावांच्या बाजीरावाशी, चाललेला गुप्त पत्रव्यवहार पकडला, त्याला बोल लावले. मुलगा खोलीबाहेर पडेना, उदासीनं घेरला गेला आणि त्यानं जाणूनबुजून उडी घेतली. पुढच्या मराठी इतिहासकारांपैकी अनेकांनी तापाच्या भ्रमात तोल गेला, असा पक्ष धरला. गंमत अशी की पेशवाई बुडाली नसती तर डफ साताऱ्यात आलाच नसता. आणि पेशवाई बुडाली ती त्याच बाजीरावाच्या हातून, जो हा मुलगा गेला म्हणून गादीवर चढला.

तापाचा पक्ष खोटा, असं मी म्हणत नाही. एकवीस वर्षांच्या पोराला ताप असू शकतो आणि दुःखही. एक खरं ठरवायला दुसरं खोडायलाच का लागतं, एवढंच मला कळत नाही.

संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या काठी उन्हात बरीच बसले. रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. नारायणरावाच्या खुनाबद्दल रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारे. शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्यालाही इथे समाधी आहे, आणि ती पाहून मला बरंच वाटलं. पण याच शाहूंच्या मागे १७४९ च्या डिसेंबरात राणी सकवारबाई सती गेली. आपण सती जाणार असं ती आधीपासून सांगत होती, ती बहुधा राजकारणातली हूल. मग पेशव्यांच्या बाजूनं तिला बोलात पकडलं, नात्यातल्या माणसांकरवी भरीला घातलं, असं डफच लिहितो. म्हणजे माहुलीत जिला ढकललं ती स्वखुशीनं गेली म्हणायचं, आणि पुण्यात जो कदाचित आपण होऊन गेला तो चुकून पडला म्हणायचं. दोन्हीकडे सोय दरबाराची. गेलेल्यांना कोण विचारतो!

माझं मत विचाराल तर मेणवलीच्या त्या पलंगाशेजारी एक साधी पाटी हवी. निवाडा नको. मुलाचं वय, दोन तारखा, कारभाऱ्याशी आलेली तेढ, आणि लोक दोन गोष्टी सांगतात एवढंच. सदरा नको, कारंजं नको. नानांचा मोठेपणा त्यानं उणा होत नाही. उलट आपल्या हाताखाली वाढलेलं पोर आपल्याला का बोलेनासं झालं, हे न कळलेला माणूस मला त्या सुबक चौकांपेक्षा जवळचा वाटतो. त्या वाड्यातलं दफ्तरसुद्धा साताऱ्याच्या द. ब. पारसनीसांनी उजेडात आणलं आणि पुढे त्यांचा संग्रह पुण्याला गेला. म्हणजे शेवटी तेही पुण्यातच.

कराड मागे टाकून तासगावकडे वळलं की द्राक्षबागा आणि बेदाण्याची शेडं सुरू होतात. तासगावात परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेल्या गणपतीचं दक्षिणी धाटणीचं सात मजली गोपूर आहे. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांचे कागद जन्मभर खपून छापले नसते, तर या घराण्याबद्दल आपल्याला निम्मंही कळलं नसतं. नानांचं चरित्रही त्यांनीच लिहिलं. भाऊ हे खर्ड्याचे सेनापती, आणि सवाई माधवराव गेल्यावर पुण्याच्या खटपटीतले मोठे भिडू. बाजीराव नको म्हणून यशोदाबाईच्या, त्या कोवळ्या विधवेच्या, मांडीवर बाजीरावाचाच धाकटा भाऊ चिमाजी अप्पा (वसईवाले ते वेगळे) दत्तक बसवला. तेवढ्यात नाना आणि भाऊंचं फाटलं. नाना पुण्यातून निसटून साताऱ्याकडे, मग वाईला, तिथून महाडला. भाऊ कैदेत पडले. सुटले ते १७९९ मध्ये कोल्हापूरकरांशी लढताना पट्टणकुडीला मारले गेले, आणि तासगावात ते कुणीही सांगतं, मी न विचारताही मला सांगितलं.

डफ म्हणतो, पडल्यानंतरच्या त्या दोन दिवसांत मुलगा एकच मागणं करून गेला: माझ्यामागे बाजीरावाला बसवा. तेवढं सोडून सगळं करून पाहिलं गेलं, तेरा महिने. डिसेंबर १७९६ मध्ये गादीवर बाजीरावच बसला, आणि त्याचा कारभार पाहायला पुन्हा नानाच.