चाकांवरचे घर आणि त्याची राखण

इंग्लंडच्या मध्यभागी वसलेल्या लेस्टर शहराच्या आसपास उन्हाळ्यातील शुक्रवारी सायंकाळी रस्त्यांवर एक दृश्य हमखास दिसते. साध्या मोटारीच्या मागे खिडक्या-पडद्यांची एक पांढरी खोली जोडलेली असते आणि ती मंद गतीने निघालेली असते. कोणी पूर्वेला स्केग्नेसच्या समुद्रकाठी, तर कोणी वायव्येला पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगराळ मुलखात. हीच टूरिंग कॅरॅव्हॅन. हिला स्वतःचे इंजिन नसते. महामार्गावर तिला ताशी साठ मैलांहून अधिक वेगाने ओढता येत नाही आणि तीन वा अधिक मार्गिका असतील तेथे सर्वांत उजव्या मार्गिकेत शिरण्यास मनाई असते. मागे खोळंबलेले मोटारचालक त्यामुळे वैतागतात. पण ज्यांना घरासह हिंडायचे आहे, त्यांना घाई करून चालत नाही.

'कॅरॅव्हॅन' हा शब्द मूळचा फारसी 'कारवान', म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. इंग्रजांनी त्याला सहलीच्या गाडीचा अर्थ दिला. 1885 मध्ये डॉ. गॉर्डन स्टेबल्स या लेखकाने ब्रिस्टल येथे घोड्यांनी ओढण्याची 'वाँडरर' नावाची गाडी बांधून घेतली आणि तीतून स्कॉटलंडपर्यंत प्रवास केला. 1907 मध्ये अशा हौशी प्रवाशांचा क्लबही स्थापन झाला. घोड्यांची जागा पुढे मोटारीने घेतली.

या वाहनाचे जैन कुटुंबांना वाटणारे आकर्षण समजण्यासाठी लेस्टरमधील ऑक्सफर्ड स्ट्रीटवर जावे लागते. तेथे एका जुन्या चर्चच्या इमारतीत जैन केंद्र उभे आहे. 1988 मध्ये तेथे प्राणप्रतिष्ठा झाली. बाहेरील दर्शनी भागावर संगमरवरी कोरीव काम, आत खांब आणि मूर्ती. या शहरातील अनेक गुजराती घराण्यांची एक पिढी पूर्व आफ्रिकेतून आलेली आहे. 1972 मध्ये युगांडातून ज्यांना निघावे लागले, त्यांनी दुकाने, घरे, वखारी मागे टाकून मोजक्या सामानानिशी ही भूमी गाठली होती. अशा घरांत मालमत्तेची राखण हा केवळ हिशेबाचा विषय राहत नाही.

कंदमुळे वर्ज्य, रात्रिभोजन वर्ज्य, पाणी गाळून घेण्याचा नेम. हे सारे सांभाळून परमुलखात हिंडायचे तर स्वतःची चूल बरोबर हवी, आणि कॅरॅव्हॅनमध्ये ती असते: गॅस, लहानसा फ्रीज, भांड्यांचे कपाट. जूनमध्ये तेथे सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे चौविहार पाळणाऱ्याला दिवसभर भटकून आल्यावरही निवांत जेवता येते. डिसेंबरमध्ये मात्र चारच्या आतच अंधारते. पण त्या दिवसांत बहुतेक कॅरॅव्हॅन कुठल्यातरी आवारात बंद पडून असतात. चोरांना हेच सोयीचे पडते.

मोटार पळवायची तर इंजिन चालू करावे लागते, आणि आजच्या मोटारीत ते सोपे नाही. कॅरॅव्हॅनला त्याची गरजच नाही. चार कोपऱ्यांचे टेकू वर घ्यायचे, जोडकडे आपल्या मोटारीच्या गोळ्यावर बसवायचे आणि निघायचे. सरावलेल्या हातांना काही मिनिटे पुरतात. त्यात ब्रिटिश नियमांची एक विचित्र देणगी. कॅरॅव्हॅनची सरकारदरबारी स्वतंत्र नोंदणी होत नाही. तिच्या मागे ओढणाऱ्या मोटारीचाच क्रमांक लावायचा असतो. आपल्याकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीलाही स्वतःचा क्रमांक असतो. तेथे पंचवीस हजार पौंडांचे घर चोराच्या मोटारीचा क्रमांक लावून राजरोसपणे महामार्गावरून जाते, आणि पाहणाऱ्याला त्यात काही वावगे दिसत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी 1992 पासून तेथील उत्पादकांनी 'क्रिस' नावाची नोंदणीव्यवस्था चालवली आहे. प्रत्येक नव्या कॅरॅव्हॅनला सतरा अंकाक्षरांचा क्रमांक मिळतो. तो सांगाड्यावर ठोकलेला असतो आणि खिडक्यांच्या काचांवर कोरलेला असतो. पुढे गाडीच्या अंगात लपवलेल्या इलेक्ट्रॉनिक चिपाही आल्या. चोराने एक खूण पुसली तरी दुसरी उरावी, हा हेतू. नोंदणीचा कागद मात्र गाडीतच ठेवणारे लोक आढळतात. तिजोरीची चावी तिजोरीवरच टांगून ठेवण्यासारखा हा प्रकार आहे.

कुलपांचे म्हणाल तर दोन मुख्य: एक जोडकड्यावरचे, दुसरे चाकाचे. पहिले एकटे पुरत नाही. चाकाचे कुलूपही नट झाकणारे असावे लागते, कारण चोर बरोबर सुटे चाक घेऊन येऊ शकतो. म्हणून चाकाच्या भोकातून थेट सांगाड्यात घट्ट बसणारे कुलूप अधिक भरवशाचे मानतात. ते बसवायला चाक अचूक जागी आणावे लागते, पावसात गुडघे टेकावे लागतात, आणि नेमका त्याच वेळी कंटाळा येतो. गाडी हलताच वाजणारी घंटा आणि उपग्रहाद्वारे ठावठिकाणा कळवणारे यंत्र ही त्यापुढची पायरी. छतावर मोठ्या अक्षरांत क्रमांक रंगवण्याची साधी युक्तीही आहे. पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून तो वाचता येतो.

हिवाळ्यासाठी आवार निवडताना कुंपण, फाटक, कॅमेरे आणि राहता रखवालदार पाहतात. आवारचालकांची 'कॅसोआ' नावाची संघटना सुरक्षिततेनुसार आवारांना सुवर्ण, रौप्य, कांस्य असे दर्जे देते. शेतकऱ्याच्या गोठ्यामागची जागा स्वस्त पडते, यात शंका नाही.

राखणीची ही जबाबदारी व्यापारी समाजाला नवी नाही. हेमचंद्राचार्यांच्या त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रात ऋषभदेवांच्या पूर्वभवातील धन सार्थवाहाची कथा आहे. वसंतपुराला निघण्यापूर्वी त्याने नगरात दवंडी पिटवली, की बरोबर येणाऱ्यांना जे उणे असेल ते मिळेल आणि वाटेत चोर व श्वापदे यांपासून त्यांचे रक्षण केले जाईल. पावसाळ्याने तांडा रानात अडकला, तेव्हा सोबतच्या मुनींची आठवण होऊन त्याने त्यांना तुपाचे दान दिले, हा प्रसंग श्वेतांबर घरांतून लहानपणीच ऐकलेला असतो. दवंडीचा भाग मात्र सहसा विसरला जातो.

आता विमा. येथे बहुतेकांचा समज असा, की हप्ता भरला की काम झाले. अनेक पॉलिसींत स्पष्ट अट असते, की गाडी सोडून जाताना जोडकड्याचे आणि चाकाचे अशी दोन्ही कुलपे लावलेलीच असली पाहिजेत. काहींत मान्यताप्राप्त प्रकारची कुलपेही नेमून दिलेली असतात. चहासाठी महामार्गालगत पंधरा मिनिटे थांबलेल्या वेळेचे काय, हे पॉलिसीतच वाचावे लागते. कुलूप विकत घेतलेले आहे, पण त्या दिवशी ते कपाटात होते, असे निघाले तर दावा नाकारला जाऊ शकतो आणि वर्षानुवर्षांची बचत एका रात्रीत जाते. कुलपांच्या पावत्या, दोन्ही चाव्या, गाडीची आतून-बाहेरून छायाचित्रे घरी जपून ठेवणारा माणूस अशा वेळी निम्मी लढाई आधीच जिंकलेला असतो.

चोरलेली कॅरॅव्हॅन शेवटी जाते कोठे? जुन्या गाड्यांच्या बाजारात, आणि तेथे ती घेणारा पुष्कळदा सज्जन कुटुंबवत्सल माणूसच असतो. इंग्लंडच्या कायद्यानुसार चोराला मालकी नसते, म्हणून तो ती देऊही शकत नाही. वस्तू मूळ मालकाकडे, अथवा भरपाई दिली असल्यास विमा कंपनीकडे परत जाते. घेणाऱ्याचे पैसे बुडतात. जैन वाचकाला येथे अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांपैकी 'तदाहृतादान' आठवेल: चोरून आणलेला माल घेणे. अजाणता घेणारा दोषी नव्हे. पण निम्म्या भावात नवीकोरी गाडी मिळत असताना कारण न विचारणाऱ्याला अजाण म्हणणे कठीण आहे.

म्हणून तेथील जाणती मंडळी वाहनतळावर वा हॉटेलच्या अंगणात सौदा करत नाहीत. विक्रेत्याच्या घरी जातात, नोंदणीच्या कागदावरील पत्ता दारावरच्या पत्त्याशी पडताळतात. कागद ज्याच्या नावावर आहे तो ताबेदार असतो, मालक असेलच असे नाही. म्हणून खरेदीची मूळ पावतीही मागतात. गाडीवर कर्ज शिल्लक आहे काय याची फी भरून चौकशी करतात. मग चष्मा लावून एकेका खिडकीपाशी वाकतात आणि काचेवरचा क्रमांक सांगाड्यावरच्या क्रमांकाशी अक्षर न अक्षर ताडून पाहतात. एखादी काच खरवडलेली दिसली, की चहाचा पेला अर्धाच ठेवून निरोप घेतात.