मागून येणाऱ्यासाठी

कोकणातली लाल माती ज्याच्या पांढऱ्या कपड्याला एकदा लागली, त्याला तिचा स्वभाव वेगळा सांगावा लागत नाही. साबण लावा, नीळ घाला, दोन दिवस उन्हात ठेवा. फिकट तांबूस डाग राहतोच. मुळात तो गंजाचाच रंग. जांभ्या दगडात लोखंडाचा अंश असतो, तो माती होऊन रस्त्यावर येतो आणि पावसात चाकाला चिकटतो. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणजे शाळेचे पहिले सत्र आणि लाल चिखल हे बरोबरच सुरू होतात.

माझे घर खाडीपट्ट्यात आणि शाळा तिथून बारा किलोमीटरवर. एसटी आहे, पण तिची वेळ आणि शाळेची वेळ यांचे जमत नाही. म्हणून सायकल. इतकी वर्षे अब्बांची काळी अॅटलस होती. तिला पत्र्याचे दोन भक्कम मडगार्ड, साखळीवर झाकण, मागे कॅरियर, खाली स्टँड. त्या काळी सायकल घेतली की हे सगळे तिच्या अंगावर असायचेच, जसे मुलीच्या अंगावर कपडे. गेल्या वर्षी तिचा पुढचा चिमटा तुटला. दोनदा वेल्डिंग केले, टिकले नाही. अॅटलसच्या साहिबाबादच्या कारखान्याचे काम ३ जून २०२० रोजी थांबले होते, आणि तो दिवस नेमका जागतिक सायकल दिन होता. मला त्या बातमीची आठवण झाली आणि मी सायकल भिंतीला टेकवून ठेवली.

मग धाकट्या भावाची सायकल माझ्याकडे आली. तो कुवेतला जाताना म्हणाला, "भाईजान, पडून राहील, तुम्ही चालवा." ही शर्यतीच्या धर्तीची सायकल. वाकडे हँडल, अॅल्युमिनियमचा सांगाडा, पुढचा चिमटा कार्बनचा, टायर २५ मिलिमीटर रुंदीचे. वजनाला इतकी हलकी की माझी आठ वर्षांची मुलगी ती उचलून ओटीवर ठेवते. पण मडगार्ड नाही, आणि बसवायला जागाही नाही. चिमट्याच्या टोकाला स्क्रूची भोके नाहीत. टायर आणि ब्रेकची कमान यांच्यामध्ये जेमतेम पाच मिलिमीटरची फट. अब्बांच्या सायकलचा पत्रा तिथून जाणे शक्यच नव्हते. तालुक्याच्या बाजारातला सायकलवाला म्हणाला, "सर, ह्या सायकली पावसाच्या न्हाईतच."

मला मात्र ती पावसातच चालवायची होती, आणि मी एकटा चालवत नव्हतो. नववीतला एक मुलगा मागचे पूर्ण वर्ष माझ्या मागोमाग सायकलने शाळेत येत होता. वाटेत चार किलोमीटरचा उघडा माळ आहे, भातखाचरांचा. पावसाळ्यात तिथे समुद्राकडून वारा असा येतो की पायडल जागचे हलत नाही. पुढच्या सायकलच्या पाठीशी चिकटून राहिले तर मागच्याला वारा कमी लागतो, हे त्याला कोणी शिकवले नव्हते. अंगानेच कळले होते. तो माझ्या मागच्या चाकापासून हातभर अंतर ठेवून यायचा.

त्याच्याकडे गणवेश एकच. हजेरीपटावर त्याच्या गैरहजेरीचे दिवस मी एकदा तारखांसह तपासले होते. साधा पाऊस पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी तो हजर असे. ओला सदरा पिळून, चुलीजवळ धरून पुन्हा घालता येतो. पण एखाद्या गाडीने चिखल उडवला, सदरा धुवावा लागला, की कोकणातल्या त्या दमट हवेत तो दुसऱ्या सकाळपर्यंत वाळत नसे. त्या दिवशी पटावर 'गै'. म्हणून मडगार्ड निवडताना माझ्या पँटचा प्रश्न दुसरा आणि त्याच्या सदऱ्याचा पहिला होता.

मी गणित आणि विज्ञान शिकवतो. चिखल चाकावरून कुठे उडतो हा प्रश्न मी वर्गातच घेतला. फिरत्या चाकावरून सुटलेला थेंब स्पर्शिकेच्या दिशेने जातो. आमच्या उर्दू पुस्तकात स्पर्शिकेला 'मुमास' म्हणतात. दोन्ही शब्दांच्या पोटात अर्थ एकच, शिवणे. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. सायकलवर बसून पाहिले तर टायरचा थेंबही त्याच वेगाने सुटतो. तो सरळ वर गेला आणि हवेचा अडथळा धरला नाही, तर सव्वा मीटर चढतो. चाकाच्या मागच्या अंगाला, आसाच्या उंचीवर सुटलेला थेंब सरळ वर जातो. त्याच्या वरच्या भागातून सुटलेला वर आणि पुढे, म्हणजे चालवणाऱ्याच्या पाठीवर. आणि त्याच्या खालच्या भागातून, रस्त्याजवळून सुटलेला थेंब वर आणि मागे. फळ्यावर बाण काढता काढता वर्ग गप्प झाला. तिसरा बाण कुणाच्या तोंडावर जातो ते सगळ्यांना कळले, आणि त्या मुलाने मान खाली घालून हसू दाबले.

एवढे कळल्यावर निवड सोपी झाली. भोके नसलेल्या सायकलला अडकवायचे मडगार्ड मुख्यतः तीन प्रकारचे मिळतात. पहिला, सीटखाली खोचायची प्लास्टिकची घडी. स्वस्त, हलकी, खिशात मावणारी; पण ती फक्त बसणाऱ्याची बैठक वाचवते. दुसरा, सीटच्या दांड्याला आवळायचा लांब शेपटासारखा. तो चाकापासून बराच वर राहतो, खड्ड्यात डावीउजवीकडे डोलतो, आणि पाठ वाचवतो. तिसरा टायरला लगटून बसतो. त्याच्या काड्या चिमट्याला रबरी पट्ट्यांनी बांधायच्या असतात. तो ब्रेकखालून जात नाही, ब्रेकच्या मागून सुरू होतो, म्हणून पाच मिलिमीटरच्या फटीचा प्रश्न उरत नाही. जर्मनीच्या एसकेएस कंपनीचे अशा प्रकारचे मडगार्ड जगभर वापरले जातात. पहिल्याच्या किमतीत हॉटेलात दोघांचा नाश्ता होतो. तिसऱ्याच्या किमतीत माझ्या मुलीचे दप्तर, बूट आणि छत्री. मी तिसरा घेतला. पहिले दोन चालवणाऱ्यासाठी आहेत. तिसऱ्यालाच खाली वाढवून मागच्यापर्यंत नेता येते.

घेताना टायरच्या कडेवर लिहिलेला आकडा पाहावा. माझ्या टायरवर '२५-६२२' आहे. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. मडगार्ड टायरपेक्षा दोन्ही अंगांनी चार-पाच मिलिमीटर तरी रुंद हवा, नाहीतर पाणी कडेने निसटते.

रविवारी ओटीवर सायकल उलटी करून मडगार्ड बसवला. आधी चिमटा स्वच्छ पुसला. रबरी पट्टीखाली वाळूचा कण अडकला तर तो रोजच्या हादऱ्याने रंग खरवडतो, आणि कार्बनच्या चिमट्याला ते बरे नव्हे. म्हणून पट्टीच्या जागी आधी पारदर्शक चिकटपट्टी लावली. पट्ट्या ताणून बांधल्या. टायर आणि मडगार्ड यांमध्ये करंगळीच्या जाडीएवढे अंतर सगळीकडे सारखे ठेवले. फार जवळ ठेवला तर माती साचून घासते, फार दूर ठेवला तर कडेने उडते. चाक फिरवून कान लावला. ब्रेकची तार कुठे दाबली जात नाही ना ते पाहिले. मग सायकल सरळ करून पायडल आडवे ठेवले आणि हँडल वळवले. बुटाचे टोक पुढच्या मडगार्डला लागते का ते बघणे जरुरीचे. हळू वळताना तिथेच माणूस पडतो.

आणखी एक गोष्ट जिवाची आहे. पावसाळ्यात रस्त्यावर काटक्या पडलेल्या असतात. अशी काटकी पुढच्या चाकाबरोबर वर जाऊन मडगार्डमध्ये अडकली तर चाक जागीच थांबते आणि स्वार हँडलवरून पुढे जातो. ज्यांच्या सायकलींना चिमट्याशी स्क्रूने बसणारे पूर्ण मडगार्ड आहेत, त्यांनी पुढच्या काड्यांच्या बुडाशी ओढ बसताच निसटणारी क्लिप असलेलेच घ्यावेत.

शेवटचे काम मागच्या मडगार्डच्या शेपटीचे. तेलाच्या रिकाम्या कॅनचे जाड प्लास्टिक पानाच्या आकारात कापले, दोन भोके पाडली आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधले. ते जमिनीपासून वीतभर वर येईल असे ठेवले. दिसायला काही खास नाही. शर्यतीच्या सायकलला तेलाच्या कॅनचे शेपूट म्हणजे सुटाबुटावर गोणपाट. अम्मी म्हणाली, "आता तुझ्या अब्बांच्या सायकलसारखी दिसते."

आम्ही कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई. रस्त्याच्या चिखलाबद्दल आमच्या फिकहमध्ये सवलत आहे. जे टाळणे माणसाला कठीण, तेवढ्याची माफी. त्या कपड्यांवर नमाज होते. शाळेजवळच्या मशिदीत जोहरला उभा राहताना ही सवलत माझ्या कामी येते. पण मडगार्ड मिळत असताना चिखल टाळणे कठीण राहिले का, हा प्रश्न मला पडला, आणि त्यातूनच पुढचा. माझ्या कपड्यांवरचा चिखल माझ्या आणि अल्लाहच्या मधला. तो माफ करणारा आहे. मी दुसऱ्याच्या सदऱ्यावर उडवलेला चिखल मात्र हुकूकुल-इबाद मध्ये जातो, म्हणजे बंद्यांच्या हक्कांत. तिथे माफी ज्याचा सदरा त्याच्याकडे मागावी लागते. हे मी मौलवींच्या अधिकाराने सांगत नाही, एका मास्तरच्या समजुतीने सांगतो.

याच सायकलमुळे रविवारी चिपळूणच्या काही सायकलवाल्यांबरोबर जाणे सुरू झाले. त्यांचा साधा नियम आहे, पावसात ज्याच्या मागच्या चाकाला पूर्ण मडगार्ड नाही त्याने रांगेत शेवटी राहावे. त्या गटात माझ्या नावाचा मी एकटाच. एक निवृत्त बँक अधिकारी हटकून माझ्यामागे येतात. एकदा चहाला थांबलो तेव्हा म्हणाले, "सर, तुमच्यामागे बरे वाटते. तोंड कोरडे राहते, आणि खड्डा आला की तुम्ही हात करता." मी हसून विषय बदलला. घरी आल्यावर मात्र ते वाक्य मनातून जाईना. हल्ली माझ्यासारख्या नावाच्या माणसाने आपण भरवशाचे आहोत हे किती ठिकाणी, किती कागदांनी सिद्ध करायचे! इथे एक माणूस हातभर अंतरावरून, ताशी पंचवीसच्या वेगाने, माझ्या पाठीकडे बघत चाळीस किलोमीटर येतो. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडाले होते. पाणी ओसरल्यावर घराघरांतून चिखल उपसताना फावडे कोणाचे आणि हात कोणाचे हे विचारताना मी कोणाला पाहिले नाही. असा भरवसा भाषणांनी येत नसावा. तो रोजच्या वागण्यात, वीतभर प्लास्टिकएवढा, साठत जातो.

तो मुलगा आता दहावीत आहे. या पावसाळ्यात जून आणि जुलै मिळून त्याच्या नावापुढे 'गै' दोनदाच आहे, आणि ते दोन्ही दिवस तापाचे. गेल्या आठवड्यात त्याने आपल्या जुन्या सायकलच्या पत्र्याच्या मडगार्डला कॅनचे शेपूट बांधून आणले. मी विचारले, "तुझ्या मडगार्डला काय झाले होते? तो तर पूर्ण आहे." तो म्हणाला, "सर, आठवीतली बहीण आता माझ्या मागून येते."